गप्प राहा, असं मी त्याला सांगितलं होतं

तो गायक आता हयात नाही. गेला तेव्हा इथे अमेरिकेत टीव्हीवर दिवसभर त्याचे जुने सिनेमे चालले होते. मधूनमधून त्याची प्रेमगीतं वाजत होती, आणि त्याच्या आयुष्यातल्या गमती म्हणून जे चार-पाच किस्से सांगत होते त्यांत एक माझा होता. माझं नाव त्यात नव्हतं. टेक्सासमधली एक भारतीय डॉक्टरीण, एवढाच उल्लेख.

मीही त्याचं नाव इथे लिहिणार नाही. ते त्याच्यावर माया आहे म्हणून नव्हे. पेशंट मेला तरी पेशंटच राहतो, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की आता सुटायचं नाही. पण जे झालं ते एकदा मराठीत तरी नीट लिहून ठेवावं असं वाटतं. इंग्रजीत त्याची बाजू पुरेशी लिहिली गेली आहे.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते नागपुरात, सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये. मेडिकलला होते. रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाचा स्वस्त खेळ असायचा आणि आम्ही मैत्रिणी पॅथॉलॉजीचं जाड पुस्तक काखेत मारून लायब्ररीत चाललोय असं सांगून तिथे जायचो. पडद्यावर तो वाळूत ओढून ठेवलेल्या होडीला टेकून गायचा. हसताना त्याची एक भुवई वर चढायची. शब्द आम्हाला निम्मेसुद्धा कळत नसत, पण आवाज कळायचा. दाट, उबदार, कुठेही खरखर नाही. होस्टेलवर परतल्यावर आम्ही ते गाणं चुकीच्या शब्दांत महिनाभर गुणगुणत होतो.

पुढे लग्न झालं, नवऱ्यामागोमाग अमेरिकेत आले, परीक्षा दिल्या, डेट्रॉइटच्या बर्फात रेसिडेन्सी काढली. कान-नाक-घसा. ह्यांना टेलिफोनच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही प्लेनोला आलो. तेव्हा प्लेनोत घरांच्या ओळी संपल्या की लगेच गव्हाची शेतं लागायची. ही गोष्ट घडली तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती, अमेरिकेतच जन्मलेली. मी डॅलसमधल्या एका जुन्या दवाखान्यात काम धरलं होतं. दवाखाना एका वयस्कर गोऱ्या डॉक्टरांचा. माणूस सज्जन होता. काही वर्षं इथे काम करा, मग तुम्हाला भागीदार करून घेतो, असं त्यांनी मला तोंडी सांगितलं होतं, आणि मी त्या शब्दावर राबत होते.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. उन्हाळा सरत आला होता, आणि आमचे मोठे डॉक्टर कोलोरॅडोला मासे धरायला गेले होते. शहरात एक संगीत नाटक यायचं होतं. देशभराचा दौरा डॅलसपासून सुरू होणार होता आणि महिनाभर तालमीही इथेच. नाटक कंपनीच्या लोकांचे घसे बघायचं काम वर्षानुवर्षं मोठ्या डॉक्टरांकडे असायचं. ते नव्हते म्हणून फोन माझ्याकडे आला.

तो मागच्या दाराने आला, डोक्यावर रुंद काठाची हॅट, डोळ्यांना काळा चष्मा. खुर्चीत बसला. मी आत जाऊन हात धुतले आणि दिवा पेटवला.

"डॉक्टर कधी येणार आहेत?" त्याने विचारलं.

"आल्या आहेत," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग ती भुवई वर गेली, तीच, सीताबर्डीची. "माफ करा मॅम. मी टेक्सासचाच आहे, आम्हाला उशिरा समजतं." मी हसले. त्याला लोकांना हसवता यायचं, आणि ते कसब त्याने माझ्यावरही चालवलं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

केस रंगवलेले होते, पोट सुटलं होतं, पण बोलताना आवाज अजून तसाच गोल यायचा. गाताना मात्र वरच्या पट्टीत अडकतो, सकाळी घोगरा असतो, ही त्याची तक्रार. मी जीभ कापडात धरून गरम केलेला छोटा आरसा घशात घातला आणि त्याला 'ई' म्हणायला लावलं. स्वरतंतू पाहिले. माणसाच्या घशात दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, निरोगी असतील तर मोत्यासारख्या चमकतात. ह्याच्या लालसर आणि कडेला सुजलेल्या होत्या. एवढी वर्षं वापरलेल्या आणि खूप दिवस विश्रांती न मिळालेल्या.

"कोणी इंजेक्शनं देतं का?" मी विचारलं.

"प्रत्येक गावात एक मित्र आहे," तो म्हणाला. "खेळाच्या आधी दंडात एक टोचलं की आवाज लोण्यासारखा येतो."

ती सूज उतरवण्याची इंजेक्शनं. सूज तेवढ्यापुरती जाते, गाणाऱ्याला वाटतं बरं झालं, आणि तो आधीच दमलेला गळा आणखी ताणतो. मी त्याला ती बंद करायला सांगितली. पाणी प्या, वाफ घ्या, तालमीत अर्ध्या आवाजात गा, आणि तालमीबाहेर बोलू नका.

बोलू नका हेच त्याला जमत नव्हतं. त्या महिन्यात तो दर काही दिवसांनी यायचा आणि खुर्चीत बसला की सुरू व्हायचा. त्याचं आयुष्य मला त्या खुर्चीतूनच कळलं. डॅलसच्या पश्चिमेला कापसाच्या मुलखात जन्म. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, आई चर्चमध्ये गायची. आईनेच त्याला बाकावर उभं करून लोकांसमोर पहिल्यांदा गायला लावलं. पुढे रेडिओवरच्या एका स्पर्धेत पहिला आला आणि बसने कॅलिफोर्नियाला गेला. तिथे स्टुडिओच्या लोकांनी त्याचं नाव बदललं, पुढचे दात बदलले, गावाकडचा हेल काढून टाकला.

"बोलायला परत शिकवलं त्यांनी मला," तो म्हणाला. "एक बाई होत्या. पेन्सिल दातात धरून बोलायला लावायच्या. माझ्या गावच्या बोलीत बोललो की सगळा सेट हसायचा."

"मग वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण हसणारे लोक तिकीट काढतात."

मलाही तेव्हा इंग्रजीतला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळा काढायला कष्ट पडायचे. गाडी चालवताना मी एकटीच मोठ्याने सराव करायचे. हे मी त्याला सांगितलं. दोघंही हसलो. मला वाटलं, हा माणूस कुठेतरी माझ्यासारखाच आहे. माझी ही समजूत पार चुकली.

नंतरची कथा सगळ्यांना माहीत होती तशीच. एकापाठोपाठ सिनेमे, घराघरात रेकॉर्डी, तीन लग्नं. मग काळ बदलला, लांब केसांची मुलं गिटार घेऊन ओरडायला लागली, आणि ह्याची गाणी दंतवैद्याच्या दवाखान्यात वाजायला लागली. हे वाक्य त्याचंच. काही वर्षं जुगाराच्या हॉटेलांमध्ये जेवणाऱ्या लोकांसमोर गायला. मग टीव्हीवरच्या एका कौटुंबिक मालिकेत बापाचं काम मिळालं, चेहरा पुन्हा ओळखीचा झाला, आणि आता हे नाटक. "हे चाललं तर मी परत गायक," तो म्हणाला. "नाही चाललं तर टीव्हीवरचा बाप."

पहिल्या खेळाला तीनच दिवस उरले असताना तो आला तेव्हा बोलू शकत नव्हता. तालमीत कुणावर तरी खेकसला होता आणि मधेच आवाज तुटला. सोबत त्याचा मॅनेजर होता, किडकिडीत, त्या उन्हातही कोट घातलेला. मी आरसा घातला. डावी पट्टी आख्खी लाल झाली होती. आत रक्त उतरलं होतं. नुसती सूज असती तर गोष्ट वेगळी होती.

मी दोघांना समोर बसवून सावकाश सांगितलं. शब्द सोपे वापरले, कारण माझा उच्चार कळला नाही असं नंतर कोणी म्हणू नये. स्वरतंतूत रक्तस्राव झालाय. पूर्ण मौन पाळायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजल्याने जास्त ताण पडतो. ॲस्पिरिन बंद, त्याने रक्त पातळ होतं. काही आठवड्यांनी मी परत बघेन. तोपर्यंत गाणं नाही. आता गायलात तर तिथे कायमचा व्रण पडेल आणि हा आवाज परत येणार नाही.

"खेळांची तिकिटं विकली गेलीत," मॅनेजर म्हणाला. "एक इंजेक्शन द्या. फक्त पहिल्या आठवड्यापुरतं."

"मी देणार नाही."

"दुसरं कोणी देईल."

"देईल कदाचित. पण तुम्ही माझं मत विचारायला आलात. माझं मत हे आहे."

गायक आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता. त्याने मान वर केली नाही. जाताना मात्र त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली, कळलं अशा अर्थाने. मी निर्धास्त झाले.

तीन दिवसांनी आमच्या घरी फुलांची भलीमोठी टोपली आली. त्यात त्याचा सही केलेला फोटो. 'मला गप्प करणाऱ्या बाईंना', असं वर लिहिलेलं. मी समजले, ऐकलं म्हणायचं ह्याने. माझ्या मुलीला आकाश ठेंगणं झालं. मी पेशंटबद्दल घरी कधी बोलत नसे, पण फोटो तर समोर होता. तिने तो शाळेत नेला, मैत्रिणींना दाखवला, आमच्या मराठी मंडळातल्या मुलांनाही दाखवला. मी तिला रागावले, पण फार नाही. घरात तेवढा आनंद सहसा येत नसे.

फुलं आली त्याच संध्याकाळी तो रंगमंचावर उभा राहिला. दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरने इंजेक्शन दिलं होतं. पहिला अंक तो गायला, दुसऱ्या अंकातल्या मोठ्या गाण्यात आवाज फुटला, आणि तो हात वर करून आत निघून गेला. मला सकाळच्या पेपरात कळलं. फुलं अजून ताजी होती.

दौरा रद्द झाला. मी त्याच्या हॉटेलवर फोन केला, निरोप ठेवला. उत्तर आलं नाही. कॅलिफोर्नियात त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाल्याचं नंतर कानावर आलं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. एवढा आवाज, आणि तो असा घालवायचा.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंडळातल्या एकांच्या घरी मुलाच्या वाढदिवसाला रविवारी दुपारी आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली होती. बायका स्वयंपाकघरात उरलेली पावभाजी डब्यांत भरत होत्या. यजमानांनी नवीन व्हीसीआर घेतला होता आणि त्यावर टीव्हीचे कार्यक्रम टेप करण्याचा त्यांना छंद लागला होता.

"वहिनी, इकडे या, तुमचा पेशंट बघा," ते हाक मारून म्हणाले. "काय सॉलिड बोललाय यार."

गप्पांचा कार्यक्रम होता. हा पाहुणा. आवाज ऐकून मी दारातच थांबले. रेतीवरून पत्रा ओढावा तसा आवाज. सूत्रसंचालकाने विचारलं, तुमचा तो सुंदर आवाज कुठे गेला. आणि हा भुवई वर करून सांगू लागला. टेक्सासमध्ये एक बाई भेटल्या, थेट भारतातून आलेल्या, अंगाला मसाल्याचा वास. अर्धं बोलणं कळत नव्हतं. मग त्याने माझी नक्कल केली. मान डोलावली, जीभ टाळूला आपटत 'मिस्टर, यू विल नॉट बी टॉकिंग' म्हणाला. लोक हसले. घशात कसलंसं औषध सोडलं म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी आवाज गायब. सूत्रसंचालक म्हणाला, टोपलीत नागही होता का हो. त्याने पडद्यावरच उत्तर दिलं, "मला डोळे मिटायला सांगितलं होतं." लोक टाळ्या वाजवून हसले.

त्या बैठकीच्या खोलीतसुद्धा सुरुवातीला दोघं-तिघं हसले. मग कोणीतरी टेप बंद केली.

"वहिनी, पण तुम्ही नेमकं काय दिलं होतं त्याला?" यजमानांनी विचारलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. उत्सुकता होती.

"पेशंटबद्दल मला बोलता येत नाही."

"अहो, तो तुमच्याबद्दल बोलतोय आख्ख्या देशासमोर."

"त्याला बोलता येतं. मला नाही."

आमच्यात एक वयाने मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते सोफ्यावर मागे रेलून म्हणाले, "अशा केसेस आपण घ्यायच्याच नसतात. मोठा माणूस दिसला की गोऱ्या डॉक्टरकडे पाठवून मोकळं व्हायचं. काही बिनसलं की ह्यांना आपणच सापडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत एक बाई दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "काहीतरी झालं असणारच ना, उगीच कोण असं बोलेल." ते मला ऐकू यावं अशी तिची इच्छा नव्हती, एवढं मी तिच्या बाजूने मानते.

मुलगी कोपऱ्यात इतर मुलांबरोबर बसली होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि पर्स उचलली.

गाडीत ती इंग्रजीत म्हणाली, "तू त्याला औषध दिलं होतंस का?"

"बाळा, मी हे कुणालाच सांगू शकत नाही. तुलाही नाही."

"म्हणजे दिलं होतंस."

"अगं, आई काय म्हणते ते..." ह्यांनी मधे तोंड घातलं.

"मी आईशी बोलतेय," ती म्हणाली.

शाळेत फोटो तिनेच दाखवला होता, त्यामुळे आता सगळ्यांना माहीत होतं. वर्गातली मुलं तिला बघून मान डोलवायची, नागाची फणा काढून दाखवायची. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या शिक्षिकेने सांगितलं. तिने मला एवढंच सांगितलं की शाळेच्या कार्यक्रमांना डॅड आला तरी पुरे आहे. दुकानात, पेट्रोल पंपावर, कुठेही मी मराठीत काही बोलले की ती हळूच म्हणायची, "मॉम, प्लीज, इंग्लिश." मग इंग्रजीत बोलले तरी ती दोन पावलं पुढे चालायची, कारण माझं इंग्रजी आता तिला टीव्हीतून ऐकू येत होतं.

दवाखान्यात मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझं टिपण वाचलं होतं. मी काय सांगितलं होतं, काय नाकारलं होतं, त्यांना सगळं ठाऊक होतं.

"त्याने नाव घेतलेलं नाही," ते म्हणाले.

"डॅलसमध्ये घशाच्या भारतीय डॉक्टरणी कितीशा आहेत?"

"निवळेल. लोक विसरतात."

"तुम्ही एक पत्रक काढा. फक्त एवढंच, की ह्या दवाखान्याने असं काही औषध दिलं नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "तेही पेशंटची माहिती उघड करण्यासारखंच होईल. तुम्हीच मला हे सांगितलं असतंत." त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. नियम माझ्यावरच का कोसळतो, एवढंच मला कळत नव्हतं. भागीदारीचं त्या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू, असंही ते जाता जाता म्हणाले. पुढच्या वर्षी तो विषय निघाला नाही. मी काढला तेव्हा ते फार दुःखी दिसले. त्यांच्या दुःखाचा मला काही उपयोग नव्हता.

फोनवर बायका विचारायच्या, त्या भारतीय डॉक्टर बघणार आहेत का, आणि मग मोठ्या डॉक्टरांची वेळ मागायच्या. चर्चमध्ये गाणाऱ्या दोघीजणी बरीच वर्षं माझ्याकडे यायच्या, त्या यायच्या थांबल्या. कोणी भांडलं नाही. सगळे अत्यंत नम्रपणे गेले.

दोनेक वर्षांनी एका वकिलाचा फोन आला. गायकाचाच वकील. गायकाने त्या इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरवर दावा लावला होता. आवाज गेला तो त्या इंजेक्शनामुळे हे सिद्ध करायला त्यांना माझी साक्ष हवी होती, कारण आधीच्या डॉक्टरने रक्तस्राव पाहून इंजेक्शन द्यायला साफ नकार दिला होता हेच त्यांच्या दाव्याचं बळ होतं. मी विचारलं, "टीव्हीवर ते काय बोलले ते तुम्ही पाहिलंय का?"

"तो वेगळा विषय आहे," वकील म्हणाला.

डॅलसच्या एका काचेच्या इमारतीत जबान्या झाल्या. लांब टेबल, दोन्हीकडचे वकील, टाइप करणारी एक बाई. तो समोर बसला होता, हॅट गुडघ्यावर. माझी जबानी आधी झाली. मी काय पाहिलं आणि काय सांगितलं ते सांगितलं. मग त्याची. मी उठून जायला हवं होतं बहुधा, पण जा असं कोणी म्हटलं नाही, आणि मी बसून राहिले.

इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरच्या वकिलाने त्याला विचारलं, "ह्या डॉक्टरांनी तुम्हाला गाऊ नका असं सांगितलं होतं?"

"हो सर."

"तुम्हाला त्यांचं बोलणं कळलं होतं?"

"अक्षर न् अक्षर."

"त्यांनी काही औषध दिलं?"

"नाही सर. पाणी प्यायला सांगितलं."

"मग टीव्हीवर तुम्ही जे म्हणालात ते खोटं होतं?"

त्याने थोडा विचार केला. "ते मनोरंजन होतं," तो म्हणाला. "लोक विचारतात आवाज कसा गेला. मी काय सांगू, माझ्याच हट्टाने गेला? ते ऐकून कोणी हसत नाही."

टाइप करणाऱ्या बाईची बोटं चालत होती. माझ्या निर्दोषपणाचं एवढं स्वच्छ वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला त्या खोलीत मूठभर माणसं होती.

बाहेर लिफ्टपाशी तो माझ्याजवळ आला. "डॉक्टर, मनावर घेऊ नका. त्यात काही वैर नव्हतं."

"माझ्या मुलीच्या वर्गातली मुलं तिला साप दाखवतात."

तो खरोखर ओशाळला. निदान तसं दिसलं. नट होता तो, मला सांगता येणार नाही. "मी तिला एखादा फोटो पाठवू का? छान काहीतरी लिहून?"

"नको. आत जे बोललात ते एकदा टीव्हीवर बोला."

"ते वकील बोलू देणार नाहीत," तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "आणि खरं सांगू? तो किस्सा आता माझा राहिला नाही. सगळे तोच मागतात." लिफ्ट आली. त्याने हॅट काढून मला आधी आत जाऊ दिलं.

कोर्टाबाहेर तडजोड झाली. कागद मोहोरबंद झाले आणि खोलीतल्या सगळ्यांनी, मीसुद्धा, तिथलं काही बाहेर बोलणार नाही असं मान्य करून सह्या केल्या. ह्यांनी विचारलं, "सही का केलीस?" मी म्हटलं, न करून कुणाला सांगणार होते? टीव्हीवाले माझ्या दारात रांग लावून उभे नव्हते.

त्याचं पुढे चांगलं झालं, हे सांगायला हवं. त्या फुटक्या आवाजावर त्याला नव्या भूमिका मिळाल्या. थकलेला पोलीस, दारुडा पाद्री, तुरुंगातून सुटलेला म्हातारा. समीक्षक त्या खरखरीचं कौतुक करायचे, आयुष्य जगलेला आवाज म्हणायचे. बक्षीसही मिळालं. लोण्यासारखा आवाज असता तर ह्या भूमिका त्याच्याकडे आल्या नसत्या. प्रत्येक मुलाखतीत मग आवाजाचा प्रश्न यायचा आणि प्रत्येक मुलाखतीत मी यायचे. दरवेळी माझी मान थोडी जास्त डोलायची.

मी तो दवाखाना सोडला. प्लेनोतच, डोनटच्या दुकानाशेजारी, छोटी जागा घेतली. शाळेतल्या शिक्षिका, गुरांच्या बाजारात बोली पुकारणारे, पोरांचे दुखरे कान. चाललं. मंडळातल्या काकांची एक सून घशाच्या गाठीसाठी आली तेव्हा मी तिला नीट बघितलं, आणि काकांचं नाव काढलं नाही.

मुलगी अठरा वर्षांची झाली आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या एका कॉलेजला गेली. जाण्याच्या आधी तिने खोली आवरली, आम्ही दोघी खोकी भरत होतो. तिने कुठूनसा विषय काढला. आता ती मोठी झाली होती, मराठीचे काही शब्द आपणहून बोलायची, पण मोठं काही बोलायचं असलं की इंग्रजीतच.

"मला कधी वाटलं नव्हतं तू त्याला काही चुकीचं दिलं असशील," ती म्हणाली.

"मग?"

"तू भांडली नाहीस ह्याचा राग होता. अजून आहे. एकदाही नाही, मॉम. कुणाशीच नाही."

मला सांगता आलं असतं. काचेची इमारत, लांब टेबल, त्याचं ते 'अक्षर न् अक्षर'. सही करून फार वर्षं झाली नव्हती. मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले.

"हो," मी म्हटलं. "नाही भांडले."

तिने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक मी आणखी काही बोलेन म्हणून. मग खोकं उचललं आणि ती खाली गेली.